वेदी हलवण्याआधी कपाटही उघडून पाहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या नूतनीकरणावर आपल्या पुरवणीत आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. एप्रिल २०१९ मधली आग, पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले काम, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेली दारे, हे सगळे त्यात नीट आले आहे. एका छायाचित्रात धर्मगुरू पांढरट झग्यांमध्ये उभे आहेत. झग्यांवर सोनेरी क्रूस आणि त्याभोवती लाल, निळे, पिवळे, हिरवे तुकडे. खाली ओळ आहे, ‘डिझायनर पोशाखातील धर्मगुरू’. त्या वस्त्रांबद्दल लेखात पुढे एक शब्द नाही. ज्या कामात माझे अर्धे आयुष्य गेले ते एका ओळीत आटोपलेले पाहून राहवले नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

मी शिवणकामाची निवृत्त शिक्षिका. आमच्या चर्चमध्ये वेदीच्या मागे वस्त्रांची खोली आहे, तिला आम्ही सॅक्रिस्टी म्हणतो. तिथल्या दोन कपाटांच्या किल्ल्या गेली सव्वीस वर्षे माझ्याकडे आहेत. धुणे, इस्त्री, रफू, विरलेले अस्तर बदलणे, उपासनेचा काळ बदलला की हिरवी वस्त्रे आत ठेवून जांभळी बाहेर काढणे, ही माझी सेवा. धर्मशास्त्र मी शिकलेली नाही. कापड मात्र मला कळते.

मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, अर्पण करताना धर्मगुरू सगळ्यांत वर जो बिनबाह्यांचा झगा घालतात त्याला चॅझुबल म्हणतात. लॅटिनमध्ये ‘कासुला’, म्हणजे छोटे घर. रोमन काळात थंडीवाऱ्यात कुणीही अंगावर घेई असा तो डोक्यातून घालायचा घेरदार डगला. लोकांनी पुढे तो सोडला, चर्चने ठेवला. मग शतकामागून शतके त्यावर जर, कशिदा, संतांची चित्रे चढत गेली. कापड इतके जड आणि ताठ झाले की धर्मगुरूंना हात वर करणे कठीण होऊ लागले. उपाय म्हणून काय केले, तर झगा दोन्ही बाजूंनी कापायला सुरुवात केली. सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत मागे एक ताठ पाट आणि पुढे व्हायोलिनच्या आकाराचा तुकडा, एवढेच उरले. माझ्या विद्यार्थिनींना मी हे उदाहरण नेहमी सांगत असे: कापड भरतकामासाठी नसते, भरतकाम कापडासाठी असते. इथे नक्षीपायी झग्याचा घेरच गेला.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समध्ये काही मंडळींनी जुना घेर परत आणायला सुरुवात केली, तेव्हा ते रोमला रुचले नाही. १९२५ मध्ये त्याविरुद्ध आदेश निघाला, आणि १९५७ मध्ये तो प्रश्न बिशपांच्या विवेकावर सोडण्यात आला. म्हणजे आज ‘परंपरेचा’ म्हणून ज्या कापलेल्या झग्याचा आग्रह धरला जातो तो मुळातला नाही, आणि ‘नवीन फॅशन’ म्हणून ज्याला नावे ठेवतात तो घेरदार झगा त्याच्याहून हजार वर्षांनी जुना आहे. हे एकदा ध्यानात आले की जुने-नवे या भांडणातला बराचसा राग आपोआप उतरतो. माझा तरी उतरला.

तीन वर्षांपूर्वी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आधी मी आमच्याकडचा सर्वांत जुना जांभळा झगा दुरुस्तीला घेतला. अस्तर झिरझिरीत झाले होते. खालच्या कडेपासून टाके उसवत गेले, तर आत बकरमऐवजी जाड कागदाचे आणि तागाच्या कापडाचे थर निघाले, गोंदाने चिकटवलेले. पाठीवरची क्रूसाची पट्टी झग्याच्या कापडाहून कितीतरी जुनी होती. तिच्या कडेला आधीच्या शिवणीची छिद्रे रांगेने दिसत होती. म्हणजे कुणीतरी एका फाटक्या झग्यावरची पट्टी सोडवून ती या झग्याला लावली होती, आणि त्याआधीही एकदा ती दुसरीकडे लागलेली असावी, कारण छिद्रांच्या रांगा दोन होत्या. टाके इतके बारीक की मला भिंग घ्यावे लागले. एका जागी दोरा संपला होता तिथे गाठ न मारता तो तीन टाके मागे नेऊन मुरवलेला होता. हे काम ना कुणाला दिसणार होते, ना त्याखाली कुणाचे नाव येणार होते. त्या संध्याकाळी मी पुढचे काम बंद ठेवले आणि नुसती ती पट्टी मांडीवर घेऊन बसले.

आणखी एक गोष्ट त्या झग्याने शिकवली. नक्षी सगळी पाठीवर होती, पुढचा भाग जवळजवळ कोरा. कारण सरळ आहे: तेव्हा धर्मगुरू लोकांबरोबर त्याच दिशेला, वेदीकडे तोंड करून उभे राहत, त्यामुळे लोकांना दिसायची ती पाठ. ख्रिस्तप्रसाद उंच धरताना वेदीसेवक मागून झग्याची कड उचलून धरत. आता धर्मगुरू लोकांसमोर तोंड करून उभे राहतात, मध्ये वेदी असते, म्हणजे झग्याचा खालचा अर्धा भाग कुणाला दिसतच नाही. दिसतात ते खांदे, छाती आणि हात पसरल्यावर पडणाऱ्या निऱ्या. नव्या वस्त्राचा सगळा विचार तिथून व्हायला हवा. कापड असे हवे की हात वर गेला की ते मनगटाकडून ओघळत यावे आणि हात खाली आला की निमूट जागेवर पडावे. त्याला सुती-लोकरी किंवा रेशमी कापड लागते, पुरेसा पन्हा लागतो, आणि कापताना आडव्या-उभ्या धाग्याचे भान लागते. चित्र लागत नाही.

प्रत्यक्षात येते काय? कॅटलॉगमधून पॉलिएस्टर येते. छातीवर संगणकाने भरलेले किंवा नुसते चिकटवलेले गव्हाचे कणीस, द्राक्षांचा घोस, पेला, पक्षी, किरणे, सगळे एकाच झग्यावर. हात उचलला की कापड पडत नाही, फुगून उभे राहते. कोरड्या हवेत आतल्या पांढऱ्या अंगरख्याला चिकटते. गळ्यापाशी माइक असला तर त्याची सळसळ सगळ्या चर्चभर ऐकू येते, नेमकी जिथे शांतता हवी त्या क्षणी. गेल्या वर्षी आमच्या एका हिरव्या झग्याला इस्त्री करताना, इस्त्री अगदी मंद ठेवूनही, द्राक्षांच्या घोसाची एक कड तिला चिकटून वर आली. झगा दोन वर्षांचाही नव्हता. जांभळ्या झग्याची ती पट्टी तीन वेळा सुटून तीन वेळा लागली, आणि हा घोस दोन वर्षे टिकला नाही. मला फार वाईट वाटले.

हे सगळे ‘दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने साधेपणा आणायला सांगितला’ या नावाखाली चालते, म्हणून जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या त्या परिषदेने काय सांगितले ते पाहिले पाहिजे. उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर झाला. त्यातले १२४ वे कलम म्हणते की पवित्र कलेत नुसत्या उंची दिखाव्यापेक्षा उदात्त सौंदर्याची आस धरावी, आणि हेच तत्त्व वस्त्रांना व सजावटीलाही लागू करावे. दोनच कलमे पुढे, १२६ मध्ये, पवित्र वस्तू आणि मौल्यवान कलाकृती विकल्या जाणार नाहीत किंवा इकडेतिकडे होणार नाहीत याची दक्षता घेण्याची जबाबदारी बिशपांवर टाकली आहे. मिस्साग्रंथाच्या सूचनांमधील ३४४ वे कलम तर एखाद्या शिवणशिक्षिकेने लिहावे तसे आहे: वस्त्राचे सौंदर्य भरमसाट नक्षीतून येत नाही, ते वापरलेल्या कापडातून आणि बेतण्यातून येते. कृत्रिम धाग्यालाही त्या सूचनांनी मना केलेले नाही, फक्त तो त्या सेवेच्या योग्यतेचा हवा. साधेपणा म्हणजे काहीतरी काढून टाकणे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. साध्या झग्यात वाकडी शिवण लपवायला फूल नसते, म्हणून तो शिवायला जास्त कठीण असतो.

वस्त्रांचे जे झाले तेच इमारतीचे होते. आमच्या चर्चचे नूतनीकरण झाले तेव्हा वेदीमागचा कोरीव लाकडी पडदा दोन दिवसांत उतरवला. चार माणसे, पहारी आणि एक शिडी. गुडघे टेकून ख्रिस्तप्रसाद घेण्याचा कठडा करवतीने तोडला. कोरीव तुकडे आवारात प्लॅस्टिकखाली ठेवले होते. पावसाने प्लॅस्टिकमध्ये पाणी साचले आणि जोड सुटले. जमिनीवर चकचकीत फरश्या आल्या, भिंतींना तेलकट पांढरा रंग, छताला पांढरे दिवे. पहिल्याच रविवारी मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या माणसांना प्रवचन ऐकू येईना. आवाज मोठा होता, पण शब्द एकमेकांवर आदळत होते. लाकूड, जाड पडदे, वेलीपानांचे खळगे हे आवाज शोषत आणि विखुरत असत. गुळगुळीत फरशी आणि रंगवलेली भिंत तो जसाच्या तसा परत फेकते. मग माइक वाढवले, कर्णे वाढवले, घुमणे आणखी वाढले. हे कुणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. ज्यांनी केले त्यांना चर्चबद्दल प्रेमच होते, त्यांनी रात्री जागून देखरेख केली. पण जे रोज तिथे वावरतात, झाडतात, दिवे लावतात, वेदीवरचे कापड बदलतात, त्यांना एका शब्दाने कुणी विचारले नाही. नवी वेदी बसल्यावर मला कळले की तिची लांबी आमच्या एकाही वेदीवस्त्राला जुळत नाही. अकरा तागाची कापडे होती, पैकी एक हातविणीच्या काठाचे. सगळी निरुपयोगी झाली.

वेदी भिंतीपासून सुटी असावी, तिच्याभोवती फिरता यावे, शक्य तिथे लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करता यावी, हे सूचनांमध्ये आहेच आणि मला ते मनापासून पटते. लहानपणी मला फक्त पाठ दिसे. आज धर्मगुरूंच्या हातातली भाकर दिसते, आणि त्याचे मोल मला कळते. पण त्याच सूचनांमध्ये ३०३ व्या कलमात असेही आहे की जुनी वेदी कलात्मक मूल्याला धक्का न लावता हलवता येत नसेल, तर ती तिथेच राहू द्यावी आणि पुढे दुसरी कायमची वेदी उभारावी. म्हणजे पहार चालवायचे बंधन कुणी घातलेले नव्हते. हे कलम आम्हाला त्या वेळी माहीत असते तर!

आधुनिक म्हणजे वाईट, असे मला म्हणायचे नाही. फ्रान्समधल्या वान्स इथले चॅपल १९५१ चे, म्हणजे परिषदेच्याही आधीचे. चित्रकार आंरी मातिस यांनी ऐंशीच्या घरात, दुखणाईत असताना, काही वर्षे खपून ते घडवले. भिंती पांढऱ्या, त्यावर नुसत्या काळ्या रेषा, खिडक्यांना निळी, हिरवी, पिवळी काच. वेदी तिरकी बसवलेली, कारण एका बाजूला धर्मभगिनी बसतात आणि दुसऱ्या बाजूला लोक, आणि धर्मगुरूंना दोघांकडेही तोंड करता यावे. झग्यांचे नमुने त्यांनी रंगीत कागद कात्रीने कापून केले. घेर पूर्ण, आकार मोठे आणि मोजके. मी ते छायाचित्रांतच पाहिले आहेत, पण कापणाऱ्याचा हात लगेच ओळखू येतो: त्यांनी आधी झगा अंगावर कसा पसरेल ते पाहिले, मग आकार ठेवले. नोत्र दामच्या झग्यांबद्दलही माझे मन मोकळे आहे. तुकड्यांचे रंग मला थोडे भडक वाटले, पण कापड लोकरी आहे आणि ते पडते कसे ते छायाचित्रातही दिसते. हे झगे करणारे फॅशन डिझायनर जां-शार्ल द कास्तेलबाजाक यांनीच १९९७ मध्ये पॅरिसच्याच युवा मेळाव्यासाठी पोप जॉन पॉल दुसरे यांना इंद्रधनुषी पट्ट्यांचे वस्त्र केले होते. तेव्हाही लोक नाराज झाले होते, आता ते अनेकांच्या आठवणीत प्रेमाने आहे.

नवे काढून अधिक नवे बसवतानाही तोच प्रश्न येतो. बर्लिनचे सेंट हेडविग कॅथेड्रल दुसऱ्या महायुद्धात जळाले. हान्स श्विपर्ट या वास्तुकाराने १९६३ पर्यंत ते आतून नव्याने घडवले. मध्यभागी जमिनीलाच मोठी गोल पोकळी ठेवून वरचे आणि तळघरातले चर्च जिन्याने जोडले. त्या काळी ते धाडस होते. आता नूतनीकरणात ती पोकळी बंद केली, मधोमध अर्धगोल वेदी ठेवली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. जुनी रचना वाचवण्यासाठी काही जण न्यायालयात गेले होते. म्हणजे ज्या ‘आधुनिक’ कामावर एके काळी टीका झाली, त्याच्यावर साठ वर्षांत एका पिढीचा जीव जडला होता. नव्या वेदीत भाविकांनी आणून दिलेले दगड घातले आहेत, ही कल्पना मला आवडली. तरी ती पोकळी बुजवताना तिथे बाप्तिस्मा, लग्ने पाहिलेल्या माणसांना काय वाटले असेल, हे मी समजू शकते.

पोप फ्रान्सिस २०२२ मध्ये सिसिलीच्या धर्मगुरूंना म्हणाले होते की आजीच्या लेसचे प्रदर्शन आता पुरे. ते वाचून मला पहिल्यांदा लागले, कारण आमच्या कपाटात खरोखरच कुणाच्या तरी आजीने विणलेली वीतभर लेस लावलेला अंगरखा आहे. पण चार दिवसांनी पटले. ते त्या बाईंच्या कष्टाबद्दल बोलत नव्हते, अंगावर मिरवण्याबद्दल बोलत होते. मी ती लेस उतरवली नाही, आणि नव्या अंगरख्यांना तशी लावतही नाही. तो अंगरखा मऊ मलमलमध्ये गुंडाळून ठेवला आहे आणि वर्षातून दोनदा घडी बदलते, नाहीतर घडीवरच धागा तुटतो.

अलीकडे काही तरुण धर्मगुरू व्हायोलिनच्या आकाराचे, जरीचे झगे मागवतात. ज्येष्ठ मंडळी त्यावर रागावतात आणि स्वतः कणीस-द्राक्षांचे झगे मागवतात. मी दोन्हींच्या शिवणी उलटून पाहिल्या आहेत. आत तेच पॉलिएस्टर, तेच चिकटवलेले अस्तर, तीच कडेला सुटणारी यंत्राची शिवण. दोन्ही पक्ष एकाच कॅटलॉगची दोन पाने उघडून बसले आहेत, आणि कापडाला हात लावून पाहायला कुणालाच वेळ नाही.

नूतनीकरण समित्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पहिली पहार लागण्याआधी सॅक्रिस्टीचे कपाट उघडून एकेक वस्तू बाहेर काढा, तिचे छायाचित्र घ्या, वहीत नोंद करा, आणि ती सांभाळणाऱ्या बाईला शेजारी बसवून घ्या. नवी वेदी दगडात घडवण्याआधी प्लायवूडची करून चार रविवार तिच्यावर मिस्सा अर्पण करा. लांबी, उंची, मागच्या बाकावरून काय दिसते, व्हीलचेअर कुठून जाईल, सगळे आपोआप कळेल. भिंत घासण्याआधी एकदा टाळी वाजवून आवाज ऐका. आणि वस्त्राच्या खर्चात द्राक्षांचा घोस वगळून तेवढ्यात दीड हात जास्त कापड घ्या.

त्या वेळी तोडलेल्या कठड्याचे काही मी वाचवू शकले नाही. मात्र कचऱ्यासाठी काढलेल्या कपड्यांच्या ढिगात एक जीर्ण गुलाबी झगा मिळाला, तो घरी आणला. गुलाबी रंग वर्षातून दोनच रविवारी लागतो, नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या. कापड हात लावताच भुगा होत होते, पण मधली भरतकामाची पट्टी शाबूत होती. गेले पाच महिने मी ती सोडवून साध्या लोकरी कापडाच्या पूर्ण घेराच्या नव्या झग्यावर लावते आहे, यावेळी पुढच्या बाजूला. आगमनकाळापर्यंत होईल. पट्टीच्या खालच्या टोकाला पहिल्या हाताचे वीसेक टाके अजून घट्ट आहेत. माझ्या टाक्यांहून ते बारीक आहेत, म्हणून मी ते उसवले नाहीत, त्यांच्या पुढून सुरुवात केली आहे.

आपली नम्र,
एक वाचक, निवृत्त शिवण शिक्षिका